डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडत असतील तर : शोग्रेन आजाराच्या निदानाची वाट, गावापासून नागपूरपर्यंत

वैशाखात तोंडाला कोरड पडणे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत डोळे चुरचुरणे याचे विदर्भात कुणाला नवल वाटत नाही, आणि नेमक्या याच कारणाने हा आजार आपल्याकडे वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. डोळ्यांचे डॉक्टर थेंब देतात, दातांचे डॉक्टर किडलेला दात भरून देतात, सांधे दुखतात म्हणून गावातले डॉक्टर वेदनाशामक गोळी देतात. यांपैकी प्रत्येकाचे आपल्या जागी बरोबरच असते. पण या तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात, हे पाहायला तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर याव्या लागतात. माझ्या बाबतीत त्या फार उशिरा आल्या. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहून मी या तपासण्यांतून गेले आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे येथे औषधोपचार सांगितलेले नाहीत, निदानापर्यंत कसे पोचावे एवढेच सांगितले आहे.

आजाराविषयी थोडक्यात. आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते, ग्रंथींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि अश्रू व लाळ आटत जाते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला शोग्रेन सिंड्रोम म्हणतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक, साधारण नऊ स्त्रियांमागे एक पुरुष या प्रमाणात आढळतो आणि बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतो. तो एकटा असू शकतो किंवा आमवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उलटण्याचा आजार) यांसारख्या दुसऱ्या आजाराच्या जोडीनेही येतो.

१. लक्षणे आधी कागदावर उतरवा

ओपीडीत डॉक्टरांपुढे मिळणारा वेळ थोडा असतो, आणि त्यात «डोयात रेती गेल्यावानी वाटते» एवढे सांगून झाले की तोंडाचे सांगायचे राहून जाते. म्हणून घरूनच लिहून न्या. डॉक्टर ज्या पाच प्रश्नांपासून सुरुवात करतात, ते आपल्या भाषेत असे आहेत :

– तीन महिन्यांहून अधिक काळ रोज डोळे कोरडे पडून त्रास होतो का?
– डोळ्यांत रेती किंवा कुसळ गेल्यासारखे वारंवार वाटते का?
– डोळ्यांत ओलाव्याचे थेंब दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा टाकावे लागतात का?
– तीन महिन्यांहून अधिक काळ रोज तोंड कोरडे वाटते का?
– ज्वारीची भाकर, फुटाणे, चिवडा असे कोरडे खाणे घशाखाली उतरवायला वरचेवर पाण्याचा घोट लागतो का?

एकाचे जरी उत्तर «होय» असेल, तरी पुढची तपासणी करण्यास आधार आहे. याशिवाय काही गोष्टी रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण त्यांचा डोळ्यांशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. सावजीचा रस्सा सोडाच, घरचे साधे वरणही जिभेला झोंबणे, हिरड्यांलगत, विशेषतः खालच्या पुढच्या दातांना कीड लागणे, कानाखाली गालगुंडासारखी सूज पुन्हा पुन्हा येणे, सकाळी सांधे आखडणे, झोप होऊनही न जाणारा थकवा, पायांवर तांबडे-जांभळे ठिपके, तळपायांना मुंग्या, कोरडा खोकला. योनीमार्गाचा कोरडेपणा हेही या आजाराचे लक्षण असते आणि आपल्याकडे ते तोंडाने सांगणे बायांना जड जाते. कागदावर लिहिलेले असले म्हणजे नुसता कागद पुढे करता येतो.

एक लक्षण मुद्दाम वेगळे सांगते. काही रुग्णांत या आजाराचा परिणाम मूत्रपिंडावर होऊन रक्तातील पोटॅशियम घटते आणि एखाद्या सकाळी हातपाय लुळे पडून उठताच येत नाही. असे कधी झाले असेल आणि सलाईन लावल्यावर बरे वाटले असेल, तर तो प्रसंग, त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि पोटॅशियमचा आकडा डॉक्टरांना अवश्य दाखवा. असा अशक्तपणा नव्याने आला, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

२. साधी कारणे तपासून बाजूला काढा

कोरडेपणा म्हणजे शोग्रेनच, असे मुळीच नाही. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधेच निघते. सर्वांत आधी चालू औषधे पाहावीत. सर्दी-खाजेसाठीच्या सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, पोटाच्या कळेवरची डायसायक्लोमिन, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन ही सर्व तोंड कोरडे पाडतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तपासणीपूर्वी काही काळ थांबवता येतील का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

मधुमेहात साखर वाढली की तोंड सुकते. रात्री कुलरचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपणाऱ्यांचे डोळे सकाळी चिकटलेले आणि लाल असतात. चेहऱ्याचा लकवा किंवा जुना कुष्ठरोग यांमुळे पापणी पूर्ण मिटत नसेल, तरी बुबुळ कोरडे पडते. रजोनिवृत्तीनंतरही डोळ्यांचा ओलावा कमी होतो.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. आपल्या भागात याचा उल्लेख टाळून तोंडाच्या कुठल्याही आजाराविषयी लिहिता येणार नाही. खर्रा खाणाऱ्याला तोंडात आग होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होत जाते. हा वेगळा आणि गंभीर आजार आहे, त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. खर्रा खाणारी व्यक्ती, मग ती बाई असो वा माणूस, दंतचिकित्सकासमोर ते लपवत असेल तर दोन्ही आजारांच्या निदानाचा घोळ होतो.

३. सोबत काय न्यावे

– आधार कार्ड, रेशन कार्ड आणि असल्यास आयुष्मान व आभा कार्ड
– प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा ग्रामीण रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी
– डोळे, दात, सांधे यांविषयीच्या सर्व जुन्या चिठ्ठ्या, तारखेनुसार लावलेल्या
– चालू औषधांची पाकिटे. «पांढरी गोळी, सकाळी एक» यावरून कुणालाच काही कळत नाही
– रक्ताचे जुने अहवाल, मूळ प्रत आणि झेरॉक्स
– लक्षणांचा कागद आणि पाण्याची बाटली

संदर्भ चिठ्ठीवर «डोळ्यांची जळजळ» एवढेच लिहिलेले असेल, तर मोठ्या रुग्णालयात तुम्हाला थेट नेत्र विभागात धाडले जाईल. «डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे, सोबत सांधेदुखी» असे नमूद करण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना तेथेच करा.

४. कुठे जावे

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतच्या सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. त्यामुळे हिमोग्राम, ईएसआर, साखर, लघवी, क्रिएटिनिन अशा प्राथमिक तपासण्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करून घेणे शहाणपणाचे. खास तपासण्यांसाठी मात्र वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथे शासकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे रुग्णालय वर्धेलगत आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स आहे. एम्सची वेळ ऑनलाइन घेता येते, आणि गावातल्या सेतू केंद्रावरचा मुलगा ते काम करून देतो.

संधिवाततज्ज्ञ हा या आजाराचा खरा डॉक्टर. पण आपल्याकडे असे तज्ज्ञ मोजकेच आणि तेही बहुतेक नागपुरात. केसपेपर काढताना संधिवाताची वेगळी ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी असते, हे विचारा. नसेल तर «मेडिसिन» विभागाचा केसपेपर काढा, नेत्र विभागाचा नव्हे. मेडिसिनचे डॉक्टर तुम्हाला नेत्र, दंत आणि प्रयोगशाळा अशा तिन्ही ठिकाणी पाठवू शकतात आणि सर्व अहवाल परत त्यांच्याकडेच येतात. उलट दिशेने गेल्यास प्रत्येक विभाग आपापला अवयव पाहून मोकळा होतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ प्रामुख्याने भरती होऊन घेतलेल्या उपचारांना मिळतो. ओपीडीतील खास रक्ततपासणी त्यात बसेल असे गृहीत धरून घरून निघू नका; योजनेच्या टेबलावरील आरोग्यमित्रांना आधी विचारा.

५. डोळ्यांची तपासणी

शिर्मर चाचणी हे नाव भारदस्त असले, तरी ती गाळणकागदाच्या पट्टीने होते. साधारण पाच मिलिमीटर रुंद पट्टीचे टोक दुमडून ते खालच्या पापणीच्या आत, बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात आणि पाच मिनिटांनी पट्टी किती ओली झाली ते मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली, तर चाचणी कोरडेपणाच्या बाजूने धरली जाते. थोडे टोचते, पण दुखत नाही. शोग्रेनच्या निदानासाठी ही चाचणी डोळा बधिर न करता करायची असते. बधिर करण्याचे थेंब टाकल्यास आकडा वेगळा येतो. त्या सकाळी ओलाव्याचे थेंबही टाकू नका, आणि दोन्ही डोळ्यांचे आकडे मिलिमीटरमध्ये केसपेपरवर लिहून घ्या. नुसते «ड्राय आय» लिहिलेले पुढे उपयोगी पडत नाही.

दुसरी तपासणी रंगाची. डोळ्यांत हिरवा आणि पिवळा रंग टाकून, कोरडेपणाने बुबुळाचा आणि पांढऱ्या भागाचा पृष्ठभाग किती झिजला आहे, हे यंत्रातून पाहतात आणि त्याला गुण देतात. हे गुणही लिहून मागावेत.

औषधांच्या दुकानातून लालीवर म्हणून मिळणारे स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून टाकू नयेत. त्यांनी डोळा तात्पुरता स्वच्छ दिसतो, पण डोळ्यांतील दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. सांधेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या, घटक न सांगितलेल्या पुड्यांचेही तेच : त्यांत स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत बरे वाटते आणि तपासणीतले चित्र पुसट होते.

६. लाळेची तपासणी

मान किंचित खाली घालून, न बोलता, न चघळता बसायचे आणि तोंडात आपोआप जमेल ती लाळ भांड्यात सोडायची. मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी, म्हणजे पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरही भरली नाही, तर लाळ घटलेली मानतात. आधी किमान तासभर खाणे, पिणे, दात घासणे, खर्रा, विडी काहीही नको. मात्र मे महिन्यात दोन तास एसटीने येऊन, घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत ही चाचणी दिली, तर निरोगी माणसाचीही लाळ कमी भरेल. शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी मुक्कामाला यावे, पुरेसे पाणी प्यावे आणि सकाळी चाचणी द्यावी. काही ठिकाणी लाळग्रंथींची सोनोग्राफीही करतात. तिची मदत होते.

७. रक्ताची तपासणी

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

बहुतेक ठिकाणी आधी एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिद्रव्ये) ही तपासणी लिहितात. ती स्वयंप्रतिकार आजारांची चाळणी आहे, शोग्रेनची खूण नव्हे. ती निरोगी माणसातही थोड्या प्रमाणात सकारात्मक येऊ शकते. उलट, शोग्रेनची खरी खूण असलेले अँटी-रो प्रतिद्रव्य, ज्याला एसएसए असेही म्हणतात, ते रक्तात असूनही एएनए नकारात्मक येऊ शकते. म्हणून लक्षणे ठळक असतील आणि एएनए नकारात्मक आले असेल, तर «आता काही नाही» असे समजून परत फिरू नका. एसएसए आणि त्याच्या जोडीचे एसएसबी (अँटी-ला) हे प्रतिद्रव्य स्वतंत्रपणे, किंवा ईएनए प्रोफाइल या नावाने, तपासता येईल का हे विचारा. ही तपासणी साध्या रक्ततपासण्यांपेक्षा बरीच महाग असते आणि लहान लॅब नमुना बाहेर पाठवते. रक्त देण्यापूर्वी किंमत, अहवालाची तारीख आणि अहवाल मोबाइलवर मिळेल का, हे विचारल्यास त्यासाठी पुन्हा यावे लागत नाही.

ईएनएच्या अहवालात रो-५२ आणि रो-६० अशा दोन ओळी असू शकतात. एकटे रो-५२ इतर आजारांतही आढळते, म्हणून कोणती ओळ सकारात्मक आहे ते डॉक्टरांना दाखवा.

दुसरा घोळ आरए फॅक्टरचा, म्हणजे आमवातासाठी नेहमी तपासल्या जाणाऱ्या रक्तातील एका प्रतिद्रव्याचा. हा घटक शोग्रेनच्या अनेक रुग्णांत सकारात्मक येतो, आणि त्या एका ओळीवरून «आमवात» असा शिक्का बसतो. आमवातासाठी अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे. तिचा अहवाल असल्याशिवाय तो शिक्का कायमचा समजू नये.

याखेरीज रक्तपेशी, ईएसआर, पोटॅशियम, प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, सी३ आणि सी४ (प्रतिकारशक्तीशी संबंधित रक्तातील प्रथिने), थायरॉइड आणि लघवी यांच्या तपासण्या होतात. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचीही चाचणी लिहिली जाते. हे दोन्ही विषाणू अशीच लक्षणे निर्माण करू शकतात, म्हणून ते नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. ही चाचणी प्रत्येकालाच करावी लागते, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. सरकारी रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत आणि गोपनीय असते. मानेला किंवा चेहऱ्याला पूर्वी रेडिएशन दिलेले असेल, तर तेही सांगा, कारण त्यानेही लाळग्रंथी सुकतात.

८. ओठाची बायोप्सी

एसएसए नकारात्मक आले आणि संशय तसाच राहिला, तर या तपासणीवाचून गत्यंतर नाही. बायोप्सी म्हटले की आपल्याकडे कर्करोगच डोळ्यांपुढे येतो आणि घरात रडारड सुरू होते. येथे मात्र केवळ लाळग्रंथी तपासायच्या असतात. खालच्या ओठाची आतली बाजू बधिर करून लहानसा छेद घेतात आणि साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या चार-सहा ग्रंथी काढतात. बाहेरून कुठलीही खूण दिसत नाही. काही दिवस सूज राहते, तोवर तिखट वर्ज्य. क्वचित ओठाचा छोटा भाग काही काळ, किंवा कायमचाही, बधिर राहू शकतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर आधी सांगणे अत्यावश्यक. ही तपासणी मुखशल्यचिकित्सक करतात. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगीचे दंत महाविद्यालय येथे चौकशी करता येते.

नमुन्याची बाटली कित्येकदा नातेवाइकाच्याच हाती देऊन पॅथॉलॉजी विभागात पोचवायला सांगतात. बाटलीवर नाव, केसपेपर क्रमांक आणि तारीख आहे, झाकण घट्ट आहे आणि आतले द्रव फॉर्मेलिनच आहे, याची खात्री करूनच हलावे. सोबतच्या फॉर्मवर «शोग्रेनचा संशय, फोकस स्कोअर द्यावा» असे लिहिलेले असले पाहिजे. पन्नासहून अधिक लिम्फोसाइटांच्या एका पुंजक्याला फोकस म्हणतात आणि चार चौरस मिलिमीटरमागे एक किंवा अधिक पुंजके असतील, तर अहवाल सकारात्मक ठरतो. «जुनाट सूज आहे» एवढाच अहवाल आला, तर त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहून स्कोअर देता येतो. ओठ पुन्हा कापावा लागत नाही.

९. गुणांचा हिशेब

अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ साली मिळून ठरवलेले निकष आज बहुतेक डॉक्टर वापरतात. सकारात्मक बायोप्सीचे ३ गुण, एसएसएचे ३ गुण. शिर्मर, डोळ्यांत रंग टाकून केलेली तपासणी आणि लाळ यांचा प्रत्येकी १ गुण. बेरीज ४ किंवा अधिक झाली आणि वगळण्याजोगे दुसरे कारण नसले, की आजार शोग्रेन मानला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एसएसए सकारात्मक आणि शिर्मर पाचच्या आत असेल, तर ओठाला हात लावण्याचीही गरज सहसा पडत नाही. आणि कोरडेपणाच्या तिन्ही चाचण्या सकारात्मक असूनही बेरीज तीनच होते, म्हणून रक्त किंवा बायोप्सी यांपैकी एक आधार लागतोच. हे निकष मुळात संशोधनासाठी आखलेले आहेत. एखाद्या रुग्णाचे गुण तीन भरले तरी अनुभवी डॉक्टर एकूण चित्र पाहून उपचार सुरू करू शकतात, तेव्हा बेरजेवरून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१०. निदान झाल्यानंतर लगेच

सर्व अहवालांचे मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाकडे पाठवा. पावसाळ्यात गळक्या छताखाली फाइल भिजली, तर ईएनए पुन्हा करण्याचा खर्च आपल्यालाच पडतो. दंतचिकित्सकाला निदान कळवा, कारण लाळेविना दात फार वेगाने किडतात आणि फ्लोराइडचे उपाय लवकर सुरू करावे लागतात.

एसएसए सकारात्मक असलेली स्त्री गरोदर असेल किंवा दिवस जाण्याचा विचार करत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि गावातल्या आशाताईंना ते सांगितलेच पाहिजे. हे प्रतिद्रव्य वारेतून बाळापर्यंत जाते आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा निर्माण करते. त्यासाठी साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यांत बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात. आईला स्वतःला काहीही त्रास नसला, तरी ही तपासणी चुकवू नये.

थोड्या रुग्णांमध्ये पुढे लसिका ग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो. कानाखालची सूज कडक होऊन उतरेनाशी झाली, मानेत गाठी आल्या, विनाकारण ताप किंवा वजन घटणे सुरू झाले, किंवा पायांवर जांभळे ठिपके नव्याने उठले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. केसपेपर घेऊन त्याच आठवड्यात मेडिसिनच्या ओपीडीत जा आणि सूज पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख सांगा.